नळ आला! सोलापुरातल्या घरानं पाणी भरायचा क्रम

सोलापुरात "नळ आला" एवढं पुरतं. पहाटे साडेतीनला शेजारच्या अक्कांनी दारातून हाक दिली की अख्खं घर उठतं. सासूबाई तांब्याची घागर घेऊन निघतात, मुलगा मोटरीकडे पळतो, सूनबाई धुणं भिजवायला घेतात आणि आजोबा अंगणातल्या जास्वंदीला पाइप लावतात. चौघांचीही कामं खरी, पण नळ एक. मग तिसऱ्या दिवशी बादली खडखडते आणि जास्वंदीचा विषय निघतो. हे भांडण टाळायचं तर कुठलं पाणी आधी, कुठलं नंतर आणि ते कोण भरणार, हे आदल्या संध्याकाळीच ठरलेलं हवं. या लेखात तो क्रम आणि त्यामागची कारणं दिली आहेत.

आधी दिवस मोजा

'चार दिवसांआड पाणी' याचा अर्थ मध्ये चार कोरडे दिवस आणि पाचव्या दिवशी नळ. दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून, त्याच हिशेबानं हेही. पण बरीच घरं चारच दिवसांचं पाणी धरतात. नळाचा दिवस त्यात मोजला जात नाही आणि दर फेरीला एक दिवस तोकडा पडतो. त्या दिवशीही नळ पहाटे आला तर ठीक, रात्री नऊला आला तर तो सगळा दिवस साठ्यावरच काढावा लागतो.

त्यावर आणखी एक दिवस राखीव ठेवाच. शहराला पाणी मुख्यतः तीन वाटांनी येतं: उजनीहून जलवाहिनीनं पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, भीमेवरच्या टाकळीहून सोरेगावला आणि हिप्परग्याच्या एकरूख तलावातून भवानी पेठेत. उजनीची वाहिनी शंभर किलोमीटरांहून लांब आहे. वाटेत कुठे गळती लागली किंवा पंपाची वीज गेली की 'पाणीपुरवठा एक दिवस पुढे' ही बातमी ठरलेली. ती सकाळी कळते, तोवर बॅरलच्या तळाला तांब्या लागलेला असतो.

किती पाणी लागतं

पाच माणसांच्या घराचा काटकसरीचा, पण जिवाला त्रास न देणारा रोजचा हिशेब असा:

पिणं आणि स्वयंपाक: ३० लिटर
आंघोळी (माणशी १८ लिटरची एक बादली): ९०
संडास: १००
भांडी: ४०
हात-तोंड धुणं: २०
फरशी पुसणं: १०

एकूण २९० लिटर. पाच दिवसांचे १,४५० आणि राखीव दिवसाचे २९० धरून १,७४० लिटर. गच्चीवर १,००० लिटरची टाकी, खाली २०० लिटरची तीन बॅरल आणि घागरी-कळश्या-पिंपं मिळून १५० लिटर, एवढ्यात हे बसतं. कपडे यात धरलेले नाहीत. ते नळाच्या दिवशी वाहत्या पाण्यावरच धुवायचे. उन्हाळ्यात मोठा कूलर असेल तर त्याचे रोजचे ३० ते ५० लिटर वेगळे धरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो तेव्हा कूलर घरातला सहावा माणूस होतो आणि पाणी पिण्यात पाचांनाही मागे टाकतो.

जमिनीतला हौद असेल तर त्याची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. पाच बाय चार बाय चार फुटांचा हौद म्हणजे सुमारे २,२४० लिटर. बॅरल ठेवताना वजनही लक्षात घ्या. भरलेलं बॅरल २०० किलोच्या वर जातं. तिन्ही बॅरल गॅलरीच्या टोकाला ओळीनं मांडू नका, खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवा. जुनं बॅरल घेताना त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. रंगाचं किंवा केमिकलचं असेल तर कितीही घासलं तरी ते पाण्याचं होत नाही, उन्हात तापलं की वास वर येतो.

आदली संध्याकाळ

तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं घासायची ती आदल्या संध्याकाळी. नळ आल्यावर घागर घासत बसलं की तेवढा वेळ नळ मोकळा वाहतो किंवा बंद राहतो, दोन्हीत नुकसान.

त्याच वेळी बॅरलांकडे बघा. इथे घरोघरी दोन मतं असतात. एक म्हणतं, "शिळं पाणी सगळं ओतून द्या, ताजं येणार आहे." दुसरं म्हणतं, "थेंब सांडायचा नाही." दोघांचंही अर्धं बरोबर आहे. झाकून ठेवलेलं चार दिवसांचं पाणी वाया गेलेलं नसतं. त्यानं फरशी, संडास, झाडं, कूलर सगळं होतं. ते ओतून दिलं आणि नळ एक दिवस उशिरा आला तर पंचाईत. पण ते तसंच ठेवून वरून नवीन भरत राहिलात तर डास तुमच्याच घरात वाढतील.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण सोलापुरातल्या घराला सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे जे बॅरल पाच दिवसांत तळापर्यंत रिकामं होतं ते सुरक्षित. धोका त्या शेवटच्या, राखीव बॅरलचा, ज्याला 'हात लावायचा नाही' म्हणून कोणी महिना-महिना हात लावत नाही. ज्या बॅरलवर घर अडचणीला विसंबून असतं, त्यातच अळ्या वळवळतात.

उपाय सोपा आहे. बॅरलांवर ऑइलपेंटनं १, २, ३ असे मोठे आकडे घाला. या फेरीला ३ राखीव असेल, तर नळाच्या आदल्या संध्याकाळी तेच उपसायचं. पाणी बादल्यांत काढून कूलरला, संडासाला, झाडांना लावायचं आणि रिकामं बॅरल घासायचं. पुढच्या फेरीला राखीव १, त्यानंतर २. नळ लांबणार अशी बातमी असेल तर मात्र आधी तेच पाणी वापरा, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं. घासताना तळापेक्षा कडेवर जोर द्या. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. नारळाची शेंडी किंवा ताठ ब्रश घेऊन गोल फिरवत घासा.

झाकायला जुन्या सुती साडीची दुहेरी घडी घ्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा वरून ताणून बसवा. कपडा ढोलासारखा ताठ हवा. कित्येक घरांत फाटलेली सोलापुरी चादर बॅरलवर टाकतात, ती नको. ती जाड असते, मधोमध लोंबून पाण्याला टेकते, ओली राहते आणि कडेला फट पडते. त्या फटीतून डासाला वाट मिळते. जुनी चादर टाकीला बाहेरून गुंडाळा, तिथे तिचा खरा उपयोग आहे.

नळ आला की

पहिला सूं-सूं आवाज हवेचा असतो. चार दिवस नळी रिकामी असते. त्या काळात जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरची ओल, माती, कधी गटाराचं पाणीही नळीत शिरतं, आणि नळ सुटला की तेच सगळ्यात आधी तुमच्या तोटीला येतं. म्हणून पहिल्या दोन-तीन बादल्या संडासाच्या आणि अंगण धुवायच्या. ओतून देऊ नका, पण पिऊही नका. काचेच्या ग्लासात पाणी धरून उजेडात बघा. गढूळपणा आणि वास गेला की पुढचं पाणी घ्या.

इथून क्रम असा: आधी पिण्याच्या घागरी आणि पिंप, मग टाकी किंवा हौद, मग बॅरल, शेवटी धुणं.

पिण्याचं पाणी टाकीच्या आधी घ्यायचं, कारण ते दीडशे लिटरच असतं, दहा मिनिटांत होतं आणि नळ किती वेळ राहील याची खात्री कुणालाच नसते. शेवटी राखून ठेवलं तर दाब उतरताना पाणी पुन्हा गढूळ होतं. एवढ्यापुरतं सासूबाईंचं घागर घेऊन निघणं अगदी योग्य, फक्त पहिल्या तीन बादल्या होईपर्यंत त्यांना थांबवायला हवं.

सगळं भरायला किती वेळ लागणार हे पहिल्या बादलीतच कळतं. १५ लिटरची बादली भरायला एक मिनिट लागलं तर तासाला ९०० लिटर; १,७४० लिटरना दोन तास. दोन मिनिटं लागली तर तासाला ४५० आणि जवळजवळ चार तास. दाब असा मंद असेल तर त्या दिवशी चादरी भिजवू नका, हा निर्णय पहिल्या बादलीवरच घ्या. भिजलेली सोलापुरी चादर पिळताना मनगट दुखवते आणि हातानं धुवून खळबळायला एका चादरीला दोन-तीन बादल्या सहज घेते. नवी चादर असेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांना एकटीच धुवा, रंग निघतो.

मोटर नळाला थेट जोडू नका. त्यानं शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, ते नियमातही बसत नाही आणि पकडली तर मोटर जप्त होते. घरच्या तब्येतीच्या दृष्टीनं आणखी वाईट म्हणजे मोटर नळीत पोकळी करते आणि सैल सांध्यातून गटाराचं पाणी आपल्याच घरी ओढून आणते. नळ आपल्या ओघानं जमिनीतल्या हौदात किंवा बॅरलमध्ये पडू द्या आणि तिथून मोटरीनं वर चढवा. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर एक मजला वरची १,००० लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आसपास भरते. मोटर आवाज करते पण पाणी चढत नाही, असं झालं तर ती लगेच बंद करा. चार दिवसांत आतलं पाणी उतरलेलं असतं. वरच्या बुचातून तांब्याभर पाणी ओतून मग चालू करा. कोरडी चालवली की आतलं सील जळतं. दर वेळी पाणी उतरत असेल तर फुटव्हॉल्व्हमध्ये (हौदात सोडलेल्या नळीच्या टोकाच्या झडपेत) कचरा अडकलाय, तो काढून साफ करा.

वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नळ असेल तर पाळ्या मिनिटांवर लावू नका. दाब सारखा बदलतो, पहिल्याच्या दहा मिनिटांत आठ घागरी होतात आणि शेवटच्याच्या दहा मिनिटांत तीन. मग अव्वा आणि काकू आठवडाभर बोलत नाहीत. पाळी घागरींवर लावा. पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या पिण्याच्या चार, मग दुसऱ्या फेरीत वापरायचं. बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घराला पहिली पाळी.

कोण काय करणार

एका नळावर एकच माणूस. बाकीचे भांडी पुढे सरकवणार, भरलेली उचलणार, झाकणार. सगळ्यात हलकी झोप ज्यांची, त्यांच्याकडे नळाची चाहूल. घरोघरी हे काम आजीचंच असतं. न्हाणीघरातल्या तोटीखाली स्टीलची रिकामी बादली ठेवली तर पहिल्या धारेचा आवाज दुसऱ्या खोलीत पोचतो, आजीला रात्रभर कान देऊन पडावं लागत नाही.

मोटर ज्यानं लावली त्यानंच बंद करायची. टाकी वाहते ती नेहमी दोन माणसांच्या मध्ये: लावणारा म्हणतो "मी तुला सांगितलं होतं," दुसरा म्हणतो "मला वाटलं तू केलीस." लावणाऱ्यानं स्वतःच्या फोनवर पंचवीस मिनिटांचा गजर लावावा आणि फोन स्वतःच्या खिशात ठेवावा, चार्जिंगला नाही. टाकीला बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप अडवणारा तरंगता गोळा) बसवलेला असला तरी हा नियम मोडू नका. बॉलकॉकचा दांडा क्षारानं अडकतो आणि मोटरीवर भरणारी टाकी तरीही वाहते.

लहान मुलांना एकच गोष्ट शिकवायची. तोटी उघडून पाणी आलंय का बघितलं, नाही आलं, तर ती लगेच बंद करायची. उघडी राहिलेली तोटी पहाटे तीनला सुटते आणि मोरीतलं पाणी पार देवघरापर्यंत जातं. मुलांकडून राहतंच, म्हणून झोपण्याआधी एका मोठ्या माणसानं सगळ्या तोट्यांवरून हात फिरवावा. गॅस, कडी आणि तोट्या, तिन्ही एकाच फेरीत.

पिण्याचं पाणी

चारपदरी सुती फडक्यातून गाळा. फडकं प्रत्येक वेळी त्याच बाजूनं वर ठेवा. उलटलं तर मागच्या वेळचा गाळ पाण्यात जातो. कोपऱ्याला रंगीत दोरा शिवून ठेवला की गोंधळ होत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात आठ-दहा वेळा फिरवा आणि काढून घ्या. खडा आत टाकून ठेवू नका. दोन-तीन तासांनी गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्या. तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. त्यासाठी ते उकळावं लागतं किंवा क्लोरिन घालावं लागतं. उकळताना मोठे बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी एक मिनिट ठेवा.

टाकीसाठी ब्लीचिंग पावडरचं प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. अंदाजानं चमचा टाकू नका, अर्धा ग्रॅमही दाखवणाऱ्या बारीक वजनकाट्यावर मोजा. मगभर पाण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की फक्त वरचं पाणी टाकीत ओता. मग एक तास ते पाणी वापरायचं नाही. पावडर डब्यात घट्ट बंद ठेवा. ओल लागलेली, गोळे झालेली पावडर कामाची नसते. संडास धुवायच्या ॲसिडजवळ ती ठेवू नका. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

एवढं सगळं करून पाणी खराब होतं ते बहुधा हातानं. कोणीतरी ग्लास घागरीत बुडवतो आणि बोटं आत जातात. लांब दांड्याचं ओगराळं घागरीवर टांगून ठेवा किंवा तोटीचं पिंप घ्या. पाहुण्यांनाही ते वाढून द्या, त्यांनी स्वतः घ्यायला नको.

बोअरचं पाणी असेल तर ते वेगळ्या बॅरलमध्ये, वेगळ्या रंगाच्या झाकणाखाली. कितीही मोठ्या आवाजात सांगूनही कोणीतरी त्यात तूरडाळ शिजायला लावतंच. क्षार जास्त असलेल्या पाण्यात डाळ दडस राहते, मग दोष डाळीला आणि दुकानदाराला दिला जातो. कूलरला बोअरचं पाणी घातलं तर गवताच्या जाळ्यांवर पांढरा थर चढतो आणि हवा कोंडते. नाइलाज असेल तर कूलरची टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करा. डासांसाठीही ते हवंच. नळावरचे पांढरे डाग लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की सुटतात.

आरओ पद्धतीचं शुद्धीकरणाचं यंत्र असेल तर त्याची नळी मोरीत सोडू नका. एक लिटर प्यायच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी ते बाहेर टाकतं. ते बादलीत धरून फरशीला आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरा.

चौथा दिवस आणि पाहुणे

पाहुणे चौथ्या दिवशी येतात. शहराबाहेरून आलेल्या माणसाला बादलीचा हिशेब माहीत नसतो आणि त्याला तो सांगायला घरातल्यांना संकोच वाटतो. मग पाहुणा आंघोळीला जातो आणि बाहेर सगळं घर पाण्याचा आवाज ऐकत बसतं. त्यापेक्षा आल्या आल्या, चहाच्या आधी सांगा: "पावणं, निळी बादली संडासाची, पांढरी आंघोळीची. गरम पाणी काढून ठेवलंय." रंगानं सांगितलं की त्यात अपमान राहत नाही, ती घराची रीत वाटते. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्या वेळापुरता बंद ठेवा, म्हणजे शॉवर उघडला तरी पाणी जात नाही. फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली उभी ठेवली तर प्रत्येक वेळी लिटरभर वाचतं. तिचं बूच घट्ट हवं आणि ती आतल्या दांड्याला लागता कामा नये.

मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेण्यासारखं राहत नाही. आंघोळी सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर दुपारी काढलेली बादली संध्याकाळपर्यंत निवत ठेवा. टाकीला बाहेरून गोणपाट किंवा ती जुनी चादर बांधा आणि झाकणाला पांढरा रंग द्या.

नळ गेला की शेवटचं काम: सगळी झाकणं बसली का ते बघायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत तीन गोष्टी लिहायच्या. किती वाजता आला, किती वाजता गेला, पहिली बादली किती मिनिटांत भरली. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या गल्लीचा ठेका कळतो, आणि पुढचा नळ पहाटेचा की रात्रीचा हे अक्कांच्या हाकेआधी सांगता येतं. पेन्सिल कॅलेंडरच्या खिळ्यालाच दोऱ्यानं बांधून ठेवा. सुटी ठेवली तर ती शाळेच्या दप्तरात जाते.